दोनशे लिटरची सफारी

ऑफिसात वॉटर कूलरवर जो जार उलटा घातलेला असतो ना, तो २० लिटरचा. सकाळी एक चढतो, लंचनंतर दुसरा. संपला की आपण 'अरे, पाणी संपलंय, कुणीतरी सांगा रे' एवढं ओरडतो आणि परत क्युबिकलमध्ये जाऊन मेल चेक करतो. आता असे दहा जार डोळ्यांसमोर आणा. त्यात सहा माणसं, पाच दिवस. पिणं, चहा, स्वयंपाक, भांडी, दात घासणं, सगळं त्यातच. आणि एकदा गेट ओलांडलं की पुढे आपल्यासाठी एकसुद्धा नळ नाही.

आफ्रिकन सफारी म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेली सीडी वाजायला लागते. मसाई मारा, पट्टेरी व्हॅन, नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टची झुंबड, संध्याकाळी लॉजवर बुफे. तेही झकासच, मी नाक मुरडत नाहीये. पण मला हवी होती ती दुसरी सफारी. तंबू घेऊन, सगळं सामान गाडीवर लादून, वाळूतून रस्ता काढत जायची. त्यासाठी बोत्सवानासारखा देश नाही.

बोत्सवाना? कुठे आलं हे? दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकार, आणि माणसं २०२२ च्या जनगणनेत साडेतेवीस लाखांच्या आसपास. म्हणजे २०११ साली आपल्या नागपूर शहरात जेवढी मोजली होती, साधारण तेवढी. देशाचा बराचसा भाग कालाहारीनं व्यापलेला. तिथल्या चलनाचं नाव 'पुला'. सेट्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस! आपल्याकडे पैशाचा पाऊस पडतो म्हणतात, इथे पैशालाच पाऊस म्हणतात. देशाच्या राजचिन्हावरही हाच एक शब्द आहे.

माझा तिथला कनेक्शन म्हणजे कॉलेजातला एक मित्र. चार्टर्ड अकाउंटंट होऊन तो राजधानी गॅबोरोनला गेला. तिथे आपले बरेच सीए आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. दर दिवाळीला 'अगं ये की एकदा' असं म्हणायचा. शेवटी मेच्या अखेरीस आम्ही चौघं निघालो. मी, माझी हॉस्टेलमधली रूममेट, तिचा नवरा आणि तिकडून येऊन मिळालेला हा सीए.

माउन, आणि दहा जारांचा हिशोब

जोहान्सबर्गहून छोट्या विमानानं माउनला उतरलात की पहिला धक्का विमानतळाचा. एवढासा! आणि बाजूला रिक्षा स्टँडसारखी ओळीनं लावलेली छोटी छोटी विमानं. ती ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातल्या महागड्या लॉजेसवर पाहुणे पोचवतात. आमचा रस्ता उलट्या दिशेला होता, दक्षिणेला, सेंट्रल कालाहारी गेम रिझर्वमध्ये.

आमचे गाईड पन्नाशीचे, माउनचेच. सेट्स्वानात पुरुषाला आदरानं 'रा' म्हणतात आणि बाईला 'मा'. त्यामुळे ते आमचे रा झाले आणि मी त्यांची मा. सुरुवातीला ऐकताना फार गंमत वाटायची, माझी आजी मला लाडानं 'माय' म्हणते तसं. त्यांच्याबरोबर एक पंचविशीतला मुलगा होता. स्वयंपाक, तंबू, सरपण आणि पाणी हे त्याचं खातं.

पाण्याचा हिशोब त्यानंच केला. माणशी दिवसाला सहा लिटर, सहा माणसं, पाच दिवस, झाले १८०. वर २० अडीअडचणीला. माउनच्या एका पेट्रोलपंपामागच्या नळावर तो एकेक कॅन भरत होता आणि प्रत्येकाचं बूच लावून झालं की कॅन आडवा करून थेंब गळतोय का ते बघत होता. आम्ही बाजूला उभं राहून फोटो काढत होतो.

डिझेलची टाकी फुल, वर जास्तीचे कॅन, दोन स्टेपनी, फावडं, कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर कशाला? तर वाळू लागली की चारही टायरमधली हवा चक्क सोडून देतात. टायर पसरट होतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. डांबरी रस्ता आला की परत भरायची. गाडीच्या नाकावर एक बारीक जाळीही बांधली होती. कालाहारीतल्या गवताचं बी रेडिएटरमध्ये जाऊन बसतं आणि इंजिन तापतं म्हणून. तेच वाळलेलं गवत गाडीच्या पोटाखाली, गरम सायलेन्सरपाशी साठलं तर गाडी पेटूसुद्धा शकते. रा दर तासाभरानं थांबून गाडीखाली आडवे व्हायचे आणि मूठ मूठ गवत ओढून काढायचे. ट्रॅफिक जॅममध्ये हॉर्न मारणाऱ्या आपल्या जिवाला हा वेग पचवायला एक दिवस लागतो.

वाटेत एक भन्नाट प्रकार. रस्त्यावर फाटक आणि गणवेशातला माणूस विचारतो, 'कच्चं मांस आहे का?' ही गुरांच्या रोगाची सीमा. बोत्सवाना बीफ निर्यात करतो, त्यामुळे लाळ्या-खुरकुतचा रोग उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ नये म्हणून देशभर मैलोगणती कुंपणं घातलेली आहेत. गाडीतून उतरून बुटांचे तळवे औषधाच्या ओल्या चटईवर पुसायचे, टायरही औषधात बुडवायचे. पण या कुंपणांनी गुरं वाचवली आणि रानाचा घात केला. रिझर्वच्या उत्तरेचं कुके कुंपण १९५८ सालचं. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो विल्डबीस्ट कुंपणांशी अडून मेले. पाण्याच्या वाटेवर तारा कुणी घालायच्या, हा प्रश्न पुढे आम्हाला पुन्हा भेटणार होता, जनावरांच्या नाही, माणसांच्या बाबतीत.

राकोप्स हे शेवटचं डिझेल मिळणारं गाव. तिथून वाळूची वाट, मग मात्स्वेरेचं गेट. वहीत नावं, पासपोर्ट नंबर, गाडीचा नंबर. आमचं सगळ्यांचं लिहून झालं, मग त्या मुलाचं. व्यवसाय या रकान्यात त्यानं लिहिलं, 'कूक'.

वाळवंट, पण वाळवंट नाही

मी मनात राजस्थान धरून गेले होते. टेकड्या, लाटा, उंट वगैरे. तसलं काही नाही. कालाहारीवर गवत आहे, झुडपं आहेत, बाभळीच्या भाऊबंदांचे पुंजके आहेत. पाऊसही पडतो. पण खाली नुसती वाळू, शेकडो मैल वाळू, त्यामुळे पडलेलं पाणी जिरून जातं. वर्षातला बराच काळ जमिनीवर प्यायला थेंब नाही. कालाहारी हे नाव 'क्गालागादी'वरून आलं, आणि त्याचा अर्थ 'मोठी तहान' असा सांगतात. रिझर्वचा पसारा ५२,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या अख्ख्या पंजाबपेक्षा मोठं.

पहिला मुक्काम डिसेप्शन व्हॅलीत. ही एक मेलेली नदी आहे. हजारो वर्षांपूर्वी वाहायची, आता तिच्या पात्रात गवत उगवतं. दुपारी लांबून बघितलं तर निळसर करडी माती हुबेहूब भरलेल्या पाण्यासारखी दिसते. जवळ जाल तर काही नाही. म्हणून नाव डिसेप्शन, फसवणूक. १९७४ मध्ये मार्क आणि डेलिया ओवेन्स हे अमेरिकन जोडपं एका जुन्यापुराण्या लँड रोव्हरमधून इथे आलं आणि तरस नि सिंहांचा अभ्यास करत सात वर्षं राहिलं. त्यांचं 'क्राय ऑफ द कालाहारी' १९८४ मध्ये आलं. तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेल्या 'व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग'ची लेखिका ती हीच डेलिया.

कॅम्पसाइट म्हणजे काय, तर झुडपात मोकळी केलेली थोडी जागा. शेकोटीसाठी गोल, एक खड्ड्याचा संडास, आणि शॉवरच्या नावानं एक आडोसा. त्यात दोरीला बादली टांगलेली. बादलीत पाणी कुणी घालायचं? तुम्हीच! अर्थात आम्ही पाच दिवसांत त्या आडोशाकडे फिरकलोसुद्धा नाही. वेट वाइप्स जिंदाबाद. कुंपण नाही, गार्ड नाही, शेजारची कॅम्पसाइट कुठेतरी झुडपांपलीकडे, दिसत नाही. तंबू आणि सिंह यांच्या मध्ये फक्त एक चेन, तीही आपल्या बॅगेला असते तशीच.

रांचे नियम तीनच. अंधार पडल्यावर तंबूबाहेर जायचं नाही. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरस पळवतो. आणि पाण्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही. पहिले दोन आम्हाला कळले. तिसरा दुसऱ्या रात्री कळला.

त्याआधी दिवसाबद्दल थोडं. मारासारखी गर्दी इथे नाही. तासन्‌तास काही दिसत नाही, आणि मग एकदम दिसतं. पात्राच्या मध्यावर गेम्सबॉक, तलवारीसारखी सरळ शिंगं, तोंडावर काळे पट्टे, उन्हात एकटाच उभा. पाणी न पिता आठवडेच्या आठवडे काढणारा हा बहाद्दर. दिवसा अंग तापू देतो, घाम गाळून पाणी वाया घालवत नाही, आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर, जमीन उकरत चालला होता आणि एक ससाणा त्याच्या मागोमाग उड्या मारत होता. बॅजरच्या हातून निसटलेला उंदीर पक्ष्याच्या पदरात. मोठ्ठ्या कानांच्या खोकडांची एक जोडी जमिनीला कान लावून वाळवी ऐकत होती. वाळवी ऐकायची! आम्हाला पंधरा मिनिटं पुरला तो सीन.

आणि कोरी बस्टर्ड. उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, बोत्सवानाचा राष्ट्रीय पक्षी. एक नर मान फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून फेऱ्या मारत होता. मला सोलापूरजवळचं नान्नज आठवलं. आपला माळढोक या कोरीचा सख्खा चुलतभाऊ. नान्नजला मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा गवत बघून परत आलेय. इथे एका तासात सात कोरी मोजले. त्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण घशात काहीतरी अडकलं हे खरं.

तशीच चित्त्याची गोष्ट. २०२२ मध्ये कुनोत नामिबियाचे आठ आले, २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा, आणि २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या तेव्हा बोत्सवानानंही आठ देऊ केले. आम्हाला चित्ता दिसला तो एकदाच, संडे पॅनच्या कडेला, पाठमोरा. त्यानं वळूनही बघितलं नाही. रा म्हणाले, 'त्यालाही विचारतील बहुतेक, इंडियाला येतोस का म्हणून.'

तिसरा नियम

दुसरी रात्र. जेवण झालं होतं. मी घरून बेसन नेलं होतं, त्याचं पिठलं केलं. तिकडे मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, पॅप म्हणतात, तिच्याबरोबर ते पिठलं असं काही जमलं की रांनी तीनदा घेतलं. भांडी वाळूनं घासून वाटीभर पाण्यात विसळली. तो मुलगा ते पाणी लांब नेऊन ओतून आला, पातेलं पालथं घातलं.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती आवाजानं. डरकाळी नव्हे. डरकाळी पहिल्या रात्री ऐकली होती, लांबून, आणि ती ऐकायला सोपी असते, कारण ती लांबून असते. हा आवाज चाटण्याचा होता. खरखर, खरखर. मांजर बशी चाटते तसा, फक्त मांजराच्या जागी सोफ्याएवढं काहीतरी असावं असा. तंबूचं कापड एका बाजूनं किंचित आत आलं आणि परत गेलं. रूममेटनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की सकाळी वळ होता. आम्ही दोघी श्वास मोजत पडलो होतो. किती वेळ कोण जाणे. मग वाळूत दबलेली पावलं, मग काही नाही, मग थंडी.

सकाळी रांनी जमीन पेपर वाचावा तशी वाचली. दोन सिंहिणी. गाडीच्या मागून आल्या, पाण्याच्या कॅनपाशी थांबल्या. तंबूच्या कापडावर दव होतं ते चाटलं. मग जिथे विसळलेलं पाणी ओतलं होतं तिथे जाऊन ओली वाळू चाटली, बराच वेळ. 'तुम्हाला बघायला नव्हत्या आल्या,' रा म्हणाले. त्या दिवसापासून चूळ भरतानासुद्धा पाणी तोंडात जरा जास्त वेळ ठेवलं जायला लागलं.

आजीचं गाव

तिसऱ्या दिवशी आम्ही पायपर पॅनला पोचलो. वाटेत एका पाणवठ्यावर थांबलो. बोअरवेल, तिच्यावर सोलर पंप, आणि सिमेंटच्या उथळ टाक्यात पडणारी धार. रिझर्वमध्ये असे काही पाणवठे वन्यजीव खात्यानं प्राण्यांसाठी केलेले आहेत. कोल्हे, कबुतरं, स्प्रिंगबॉक, सगळे शिस्तीत. आम्ही दुर्बिणी काढल्या. तो मुलगा गाडीच्या मागच्या बाजूला टेकून उभा होता. सीएनं त्याला सहज विचारलं, 'तुझं गाव कुठलं रे?'

तो म्हणाला, 'न्यू कादे.' मग थोडं थांबून, 'आजी मोलापोची.'

मोलापो आमच्या नकाशावर होतं. याच रिझर्वच्या आत.

इथे जरा मागे जावं लागेल. हे रिझर्व १९६१ मध्ये झालं तेव्हा ते प्राण्यांइतकंच माणसांसाठीही होतं. सान, ज्यांना जग बुशमन म्हणतं आणि बोत्सवानात बसारवा म्हणतात, ते इथे फार फार जुन्या काळापासून शिकार आणि कंदमुळांवर राहत आले. जमिनीवर पाणी नाही तर काय झालं, ते त्साम्मा खायचे. म्हणजे एक रानटी फळ, आपल्या कलिंगडाचा जवळचा नातलग. शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी भरून वाळूत पुरून ठेवायचे. ओलसर वाळूत पोकळ काडी खुपसून तोंडानं पाणी ओढायचे. पुढे बोअरवेल आल्या, वस्त्या त्यांच्याभोवती बसल्या.

मग सरकारनं ठरवलं की या लोकांनी बाहेर यावं. शाळा, दवाखाना एवढ्या आत पुरवणं परवडत नाही, आणि वस्तीमुळे वन्यजीवांना त्रास होतो, असं सरकारचं म्हणणं. १९९७ मध्ये कादे गाव हललं. २००२ मध्ये उरलेल्यांचं पाणी तोडलं, मोथोमेलोची बोअरवेल बंद केली. लोकांना ट्रकमधून नव्या वसाहतींत नेलं, न्यू कादे त्यातली एक. लोक कोर्टात गेले. १३ डिसेंबर २००६ ला हायकोर्टानं दोन विरुद्ध एक अशा मतानं निकाल दिला, त्यांना जमिनीवरून काढणं बेकायदा होतं. पण पाणी वगैरे सोयी परत सुरू करायला सरकार बांधील नाही, असंही त्याच निकालात. म्हणजे घरी जा, पण तहानलेले राहा. २००९ मध्ये याच रिझर्वमध्ये पर्यटकांसाठी एक आलिशान कॅम्प सुरू झाला, त्यात स्विमिंग पूल होता. मोथोमेलोच्या बोअरवेलमधून स्वतःच्या खर्चानं पाणी काढायची परवानगी लोकांना मिळाली ती २७ जानेवारी २०११ ला, अपील कोर्टात. खालच्या कोर्टानं तीही नाकारली होती.

हिऱ्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. बोत्सवाना हिऱ्यांवर उभा राहिलेला देश आहे. तिथले बरेच खडे पैलू पाडून घ्यायला आपल्या सुरतेला येतात. रिझर्वच्या आतही हिरे सापडलेले आहेत. खाणीसाठी लोकांना हलवलं हा आरोप सरकारनं कायम नाकारला. २०१४ मध्ये आत एक खाण उघडली आणि २०१७ मध्ये बंद पडली, एवढं मात्र खरं.

हे सगळं मी नंतर नीट वाचलं. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी ऐकलं ते एवढं तारीखवार नव्हतं. तो म्हणाला, त्याचा जन्म न्यू कादेचा. ट्रक त्यानं बघितला नाही, आजीनं सांगितलेला माहीत आहे. तिच्या झोपडीचे वासे काढून ट्रकवर टाकले होते, ते तिनं नवीन गावात तसेच बांधले, अंगण मात्र बसेना. निकालानंतर परत जायचा हक्क सरकारनं ज्यांची नावं अर्जात होती त्यांच्यापुरताच धरला. बाकीच्यांना परवाना काढून आत जावं लागायचं. 'म्हणून मी हे काम घेतलं,' तो म्हणाला. 'तुमच्या गाडीच्या कागदावर माझं नाव असलं की मला वेगळं विचारत नाहीत.'

आजीच्या गावाकडे तो आमचा कूक म्हणून येतो. आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही. सीएनं उगाच लाकूड सरकवलं.

तुला परत तिथे राहायचंय का, असं मी विचारलं. पत्रकार ना, प्रश्न तर विचारणारच. तो हसला. नाही म्हणाला. न्यू कादेला नेटवर्क आहे, धाकटी बहीण शाळेत आहे, आणि त्याला स्वतःला गाईडचं लायसन काढायचंय. त्याला राहायचं नव्हतं. आजीला मात्र तिथेच पुरायचं होतं, जिथे तिची आई आहे.

ही काही किरकोळ मागणी नाही. २०२१ मध्ये वारलेल्या एका वृद्धाच्या घरच्यांनी नेमकी हीच मागणी केली. सरकार नाही म्हणालं, कोर्टंही नाही म्हणाली, आणि मृतदेह जवळजवळ तीन वर्षं शवागारात राहिला. २०२४ च्या निवडणुकीत सरकार बदललं. नवे राष्ट्राध्यक्ष दुमा बोको पूर्वी या लोकांच्या बाजूनं वकील म्हणून लढलेले. त्या डिसेंबरात त्या वृद्धाला रिझर्वच्या आत, त्याच्या माणसांशेजारी पुरलं. आमच्या मुलानं हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा जरा वर गेला होता.

त्याचं नाव मी इथे देत नाही, देऊ नको म्हणाला. दिलं असतं तरी छापता आलं नसतं. त्याच्या नावाच्या सुरुवातीला जिभेचा एक आवाज आहे. आपण 'च्च च्च' करतो ना, कुणाचं वाईट ऐकल्यावर, थेट तोच. आपल्याकडे ती हळहळ आहे, त्यांच्याकडे ते अक्षर आहे. रात्रभर आम्ही चौघं त्याचं नाव म्हणायचा सराव करत होतो आणि तो हसून लोळत होता, कारण आमच्या तोंडून ते प्रत्येक वेळी कुणीतरी गेल्यासारखं वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या कडेला वाळलेल्या वेलावर त्साम्मा दिसली. लिंबासारखी हिरवट पिवळी, नारळाहून लहान. त्यानं ती पायानं वळवून दाखवली, काही कडू असतात आणि काही गोड, असं सांगितलं. मी फोडायला सुरी काढली तर तो 'नको मा' म्हणाला. रिझर्वमधलं काही तोडायची परवानगी नसते. फळ तसंच ठेवलं आणि आम्ही गाडीत बसलो, कॅनमधलं माउनचं पाणी प्यायलो.

आणि मग नदी

पाचव्या दिवशी आम्ही राकोप्समार्गे बोतेती नदीवर आलो. कुमागाला पूल नाही. एक तराफा आहे, एका वेळी एक गाडी मावेल एवढा. त्याच्यावर गाडी चढवून आम्ही तरंगत पलीकडे गेलो, मकगादिकगादी नॅशनल पार्कात. ही नदी जवळजवळ दोन दशकं कोरडी होती आणि २००९ च्या सुमारास परत वाहायला लागली. तिचं पाणी अंगोलातल्या पावसाचं. ते ओकावांगोतून महिनोन्‌महिने सरकत खाली येतं, आणि इथे पोचतं तेव्हा पावसाळा कधीच संपलेला असतो. काठावर झेब्रे, शेकड्यांनी, धुळीचा ढग करत उतरत होते. हत्ती. पाणी बघून रूममेटचा नवरा चक्क शिट्ट्या मारायला लागला.

कॅम्पसाइटवर शॉवर होता, खराखुरा, गरम पाण्याचा. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्या मुलानं मात्र आधी उरलेले कॅन मोजले. २३ लिटर शिल्लक होते. रांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेवटची रात्र नक्साई पॅन पार्कातल्या बेन्स बाओबाबपाशी. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. वसईला, मुंबईतही जुनी झाडं आहेत, येता-जाता नीट बघा कधीतरी. इथे सात-आठ झाडं मिठागराच्या काठाला घोळका करून उभी आहेत. थॉमस बेन्स या चित्रकारानं १८६२ मध्ये त्यांचं चित्र काढलं, आणि आज तुम्ही तिथे उभे राहिलात तर चित्र आणि झाडं यांत फारसा फरक नाही. रात्री वृश्चिक थेट डोक्यावर आणि दक्षिणेला त्रिशंकू एवढा उंच की गोष्टीतल्यापेक्षा बराच वर पोचलाय असं वाटावं. तो मुलगा शेकोटीपाशी फोनवर बोलत होता, आजीशी, त्या टाळ्यांच्या भाषेत. नेटवर्क मध्येच तुटायचं आणि तो फोन उंच धरून उभा राहायचा.

जायचं असेल तर

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ ओव्हरलँड कॅम्पिंगला सोपा. कालाहारीत जास्त प्राणी बघायचे तर पावसाच्या आसपास जा, पण मग चिखलात रुतायची तयारी ठेवा. भारतातून थेट फ्लाइट नाही, जोहान्सबर्गहून माउन गाठा. व्हिसा आधी काढावा लागतो. वाटेत यलो फीव्हरच्या यादीतल्या देशात विमान बदलणार असाल तर लसीचा दाखला जवळ हवा, आणि मलेरियासाठी डॉक्टरला विचारून गोळ्या घ्या. कॅम्पसाइटचं बुकिंग बरंच आधी करा. कागद हातात नसेल तर गेटवरून आत सोडत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाणारेही खूप. पण वाळूचा सराव नसेल तर गाईड घ्या, आणि एकट्या गाडीनं सेंट्रल कालाहारीत जाऊ नका. सॅटेलाइट फोन भाड्यानं मिळतो. रात्री पारा कधी कधी शून्याच्या आसपास जातो, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग आणि कानटोपी न्या. आणि बेसन न्या, कोथिंबीर नसली तरी चालतं.